१४ ऑगस्ट : पाचबत्तीपाशी शिकलेला धडा

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर १५ ऑगस्ट कसा साजरा होतो ते मी वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशी संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागतो, "सकाळी ठीक ७.३० वाजता ध्वजवंदन. सर्वांची उपस्थिती अनिवार्य." तो वाचून पहिला प्रश्न येतो, "अटेंडन्स घेणार आहेत का रे?" घेणार असतील तर पांढऱ्या शर्टाची शोधाशोध, नाहीतर दार आतून बंद! ध्वजवंदन, राष्ट्रगीत, सरांचं भाषण, मेसची जिलेबी आणि साडेआठला पुन्हा पांघरुणात. त्यातून १५ ऑगस्ट शुक्रवारी किंवा सोमवारी आला तर विचारूच नका. शनिवार-रविवार जोडून अर्धं होस्टेल घरी पसार.

मी काही वेगळा नव्हतो. पहिली दोन वर्षं मीसुद्धा १३ तारखेलाच बॅग भरून सुरतकडे जाणारी गाडी पकडली. मग हा लेख लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला? कोणीच नाही. पण गेल्या वर्षी कार्यक्रमाच्या तयारीचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यात माझी चांगलीच फजिती झाली, आणि त्या फजितीतून जे शिकलो ते कुठल्याही विषयाच्या सिलॅबसमध्ये नाही. ते तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हा प्रपंच.

बंद बाजार

रेक्टर सरांनी मला यादी दिली होती. झेंड्यासाठी नवी दोरी, गुलाबाच्या पाकळ्या, रांगोळी आणि जिलेबीची ऑर्डर. आठवडाभर वेळ होता. पण आपण पडलो इंजिनिअरिंगचे विद्यार्थी! जर्नल असो की झेंड्याची दोरी, शेवटच्या दिवसाआधी हात लावायचा नाही हा आपला अलिखित नियम. १४ तारखेला लेक्चर बुडवून साडेअकराच्या सुमारास पालघरला पोचलो. बघतो तर काय, बाजार बंद. हार्डवेअरवाला बंद, फुलवाला बंद, मिठाईवाल्याचं शटर खाली.

मी मनात म्हटलं, "च्यायला, आजच कोणी बंद पुकारला?" मला वाटलं काहीतरी राजकीय भानगड असणार. रस्त्याच्या कडेने एक आजोबा चालले होते. पांढरा लेंगा-सदरा, हातात छत्री. त्यांना थांबवून विचारलं, "आजोबा, आज बंद कसला आहे?"

"तू इथला नाहीस वाटतं?"

"नाही. मी नंदुरबारचा. इथे इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो."

"किती वर्षं झाली?"

"हे तिसरं."

आजोबा क्षणभर थांबले. रागावले नाहीत, पण म्हणाले, "तीन वर्षं इथलं पाणी पितोस आणि १४ ऑगस्ट माहीत नाही? चल माझ्याबरोबर. मी पाचबत्तीलाच निघालोय."

पाचबत्ती हे नाव आपण रिक्षात बसून शंभर वेळा उच्चारलेलं आहे. "पाचबत्तीला सोडा", "पाचबत्तीला भेट". मला वाटायचं, कधीकाळी तिथे नगरपालिकेने दिवे लावले असतील, म्हणून नाव पडलं असेल. आजोबांनी चालता चालता सांगितलं, "बाळा, त्या पाच बत्त्या पाच माणसांच्या आहेत."

चौकातल्या हुतात्मा स्तंभापाशी माणसं जमली होती. शाळेची मुलं रांगेत उभी होती. कर्ण्यावर गाणी नव्हती की मंडप नव्हता. दुपारी साडेबाराच्या सुमारास सगळे शांत झाले. ती गोळीबाराची वेळ. मीही हात जोडून उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर कोणासाठी उभा आहे हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. एकामागून एक लोक पुढे होऊन फुलं वाहत होते. माझ्या हातात फूल नव्हतं, खिशात फक्त सामानाची यादी होती.

काय घडलं होतं?

त्या दिवशी आजोबांनी सांगितलं आणि नंतर मी वाचून काढलं, ते थोडक्यात असं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या महासमितीने 'छोडो भारत'चा ठराव केला. गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र दिला. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला रविवारी पहाटेच गांधीजी, नेहरू, पटेल, आझाद या सगळ्यांना सरकारने उचललं. म्हणजे आंदोलन सुरू व्हायच्या आत सगळे पुढारी गजाआड! सरकारचा हिशोब सोपा होता. पुढारी नाहीत म्हटल्यावर लोक घरी बसतील.

हा हिशोब सपशेल चुकला. सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हा गावोगावच्या लोकांनी स्वतःच ठरवलं. पाचच दिवसांत, शुक्रवार दि. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा निघाला. किनारपट्टीच्या आणि आसपासच्या गावांतून माणसं आली. पोलिसांनी या मोर्च्यावर गोळीबार केला. त्यात पाच जण हुतात्मा झाले :

काशिनाथ हरी पागधरे, सातपाटी
गोविंद गणेश ठाकूर, नांदगाव
रामचंद्र महादेव चुरी, मुरबे
रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, पालघर
सुकुर गोविंद मोरे, सालवड

ही नावं एकदा मोठ्याने वाचा. मी वाचली तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली म्हणजे यातलं एकही नाव मी शाळेत कधी ऐकलेलं नव्हतं. दुसरी म्हणजे आडनावं बघा आणि गावं बघा. पागधरे, ठाकूर, चुरी, तिवारी, मोरे. पाच गावांची पाच माणसं. आज आपण मेसच्या टेबलावर सुद्धा आपापल्या जिल्ह्याचा ग्रुप करून बसतो. त्यांनी एका मोर्च्यात चालताना असली चौकशी केली असेल असं वाटत नाही.

आणखी एक हिशोब मांडून बघा. १४ ऑगस्ट १९४२ पासून १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत किती काळ गेला? पाच वर्षं आणि एक दिवस. दोन्ही दिवस शुक्रवार. त्या पाच जणांना आणखी पाच वर्षं मिळाली असती तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी स्वातंत्र्य पाहिलं असतं.

मी आजोबांना म्हटलं, "आमच्या नंदुरबारलाही असंच झालं. शिरीषकुमार." ते म्हणाले, "माहीत आहे की! ९ सप्टेंबर. शाळकरी पोरगा. तो आणि त्याचे चार सोबती." मला एकदम लाज वाटली. पालघरच्या आजोबांना माझ्या गावचा शिरीषकुमार तारखेसकट माहीत, आणि तीन वर्षं पालघरात राहून मला इथला एकही हुतात्मा माहीत नाही!

याच जिल्ह्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला, डहाणू-तलासरीच्या बाजूला, आणखी एक लढा झाला. वारली आदिवासींना जमीनदारांकडे वेठबिगारी करावी लागत होती, कर्जापायी लग्नगडी म्हणून राबावं लागत होतं. २३ मे १९४५ ला झरी येथे त्यांची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तो लढा उभा केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्यावर आहे. म्हणजे इंग्रजांनी जावं एवढाच स्वातंत्र्याचा अर्थ नव्हता. स्वतःच्या शेतात स्वतःसाठी राबता यावं, हाही होता. हे मला पुढे तारापूरबद्दल वाचताना परत आठवलं. ते पुढे येईलच.

अडकलेला झेंडा

आता फजितीकडे वळू. मी रिकाम्या हाताने परतलो. रांगोळी मुलींच्या होस्टेलवरून मिळाली, जिलेबी मेसच्या मामांनी केली. दोरी मात्र जुनीच राहिली. मी ती हातात धरून पाहिली, दोन ठिकाणी पीळ सुटला होता. "एक दिवस चालेल," असं म्हणून झेंडा बांधून टाकला.

१५ तारखेला सकाळी सगळे रांगेत. प्राचार्य सरांनी दोरी ओढली. झेंडा झपझप वर गेला आणि निम्म्यावर अडकला. सरांनी जोर लावला, हलेना. मी धावलो, मीही जोर लावला. आणखी घट्ट बसला. मागे तीनशे जण उभे, राष्ट्रगीत म्हणणाऱ्या मुली श्वास रोखून थांबलेल्या. मेकॅनिकलचे दहा-बारा इंजिनिअर खाली उभे राहून कप्पीकडे बघत होते आणि प्रत्येकाकडे एक थिअरी होती!

तेवढ्यात गेटवरचे वॉचमन काका आले. मला बाजूला सारत म्हणाले, "ओढू नको रे पोरा! जेवढी ओढशील तेवढी आत रुतेल." त्यांनी दोरी उलट सैल सोडली, दोन-तीन वेळा हाताने तिला लाट दिली, वरचा अडकलेला पीळ कप्पीच्या खाचेतून सुटला आणि झेंडा सुळकन वर गेला. राष्ट्रगीत सुरू झालं. खोटं सांगत नाही, त्या ५२ सेकंदांत मी पहिल्यांदा सरळ उभा राहिलो.

नंतर जिलेबीची प्लेट घेऊन मी गेटवर गेलो. "काका, तुम्हाला हे कसं जमलं?" ते म्हणाले, "होडीवर दोर अडकला तर काय करणार? तिथं कोण मेकॅनिक येतो?" काका मुरब्याचे. आयुष्याची पंचवीस वर्षं समुद्रावर गेलेली. मी त्यांना आदल्या दिवशीच्या बंदची गोष्ट सांगितली. ते हसले. "आमच्या मुरब्याचा एक जण आहे त्या पाचांत. लहान होतो तेव्हा आजा दर १४ ऑगस्टला आम्हाला पालघरला घेऊन यायचा. मोठं झाल्यावर धंद्यापायी राहून गेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही उद्याचे इंजिनेर. दोरी कधी आणायची तेपण बोर्डावर नोटीस लावून सांगायचं काय?"

यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आयएस १

रूमवर येऊन ठरवलं, निदान आता झेंड्याबद्दल तरी नीट माहिती घ्यायची. सिव्हिलवाले आयएस ४५६ उशाला घेऊन झोपतात. स्टीलचा आयएस ८०० सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण आयएस १ काय आहे, हे किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. भारतीय मानकांच्या यादीतला क्रमांक एक म्हणजे आपला राष्ट्रध्वज! हे मानक १९५१ साली निघालं. क्रमांकात सिमेंट आणि पोलादाच्या आधी झेंड्याचं स्पेसिफिकेशन येतं. कापड कसं असावं, रंगाची छटा कोणती, शिवण कशी, चक्र कुठे, हे सगळं त्यात आहे. नवा देश उभा राहत असताना पहिली गोष्ट बिनचूक हवी होती ती ही.

परीक्षेत येणार नाहीत, तरी माहीत असाव्यात अशा काही गोष्टी :

१) ध्वजाची लांबी आणि उंची यांचं प्रमाण ३:२. ठरवून दिलेले आकार नऊ, सर्वात मोठा ६३०० × ४२०० मि.मी. आणि सर्वात छोटा १५० × १०० मि.मी.

२) सध्याचा ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. त्यातलं अशोकचक्र २४ आऱ्यांचं. त्याआधी, म्हणजे १९४२ च्या आंदोलनात, काँग्रेसचा जो तिरंगा होता त्यावर चरखा होता. पालघरच्या देखाव्याचं चित्र काढताना पोरं अशोकचक्राचा झेंडा काढतात, ते चूक आहे.

३) १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, कारण १९४७ ला तो पहिल्यांदा वर चढला. २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो आणि फक्त उलगडतात. आपल्याकडे दोन्ही दिवशी सर्रास वर बांधून पाकळ्या पाडल्या जातात. पाकळ्या ठेवायला हरकत नाही, पण फरक माहीत असावा.

४) ध्वज चढवताना झपकन चढवायचा, उतरवताना सावकाश आणि सन्मानाने.

५) पूर्वी सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावायची मोकळीक नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने ती दिली. नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सन्मानाने ध्वज फडकवणं हा नागरिकाचा हक्क मानला. डिसेंबर २०२१ मध्ये खादीबरोबर यंत्रावर केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. जुलै २०२२ पासून नागरिकांना तो रात्रीही फडकत ठेवता येतो.

६) फाटका किंवा मळलेला ध्वज लावायचा नाही. तो खराब झाला तर चारचौघांत टाकून द्यायचा नाही, एकांतात, मान राखून, पूर्ण नष्ट करायचा. कागदी झेंड्यांनाही हेच लागू. १६ ऑगस्टला आपल्या कॉलेजबाहेरच्या गटारात काय दिसतं ते आठवा.

ध्वज विणणारी माणसंही आपल्या मराठी मुलखात आहेत. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. पुढच्या वेळी त्या बाजूचा कोणी मित्र भेटला तर हे सांगून बघा, त्यालाही बहुतेक नवीन असेल.

सालवडच्या पलीकडे

पाच गावांतलं सालवड हे नाव ऐकून मी थोडा चमकलो होतो. सेकंड इयरला आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला तारापूर एमआयडीसीत जातो ना, तिला लागूनच सालवड आहे. बस थांबवून आपण वडापाव खातो, आणि आपल्याला माहीतही नसतं की १९४२ मध्ये इथला एक माणूस पालघरला गेला तो परत आला नाही. नांदगावही त्याच पट्ट्यात, किनाऱ्याच्या बाजूला. तेव्हा मनात आलं, ज्या स्वातंत्र्यासाठी ही माणसं गेली, त्या स्वातंत्र्याने त्यांच्याच गावांशेजारी काय काय उभं केलं?

सगळ्यात मोठं उभं राहिलं ते तारापूर अणुवीज केंद्र. देशातलं पहिलं. २८ ऑक्टोबर १९६९ ला ते व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. पण ती पहिली दोन युनिट्स अमेरिकन बनावटीची होती आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही अमेरिकेतून यायचं. १९६३ चा करार तीस वर्षांचा होता. १८ मे १९७४ ला भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि कुरबुरी सुरू झाल्या. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन मिळणं कठीण होत गेलं. पुढे १९८२ च्या समझोत्यानंतर फ्रान्सकडून इंधन घ्यावं लागलं, नंतर चीनकडून, मग रशियाकडून. म्हणजे भट्टी आपल्या किनाऱ्यावर, पण लाकूडफाटा दुसऱ्याच्या अंगणात! स्वातंत्र्य मिळून पंचवीस-तीस वर्षं झाली तरी विजेच्या एका बटणासाठी आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो.

यावर आपल्या इंजिनिअरांनी भाषण करून उत्तर दिलं नाही. त्यांनी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्ट्यांचं तंत्र पक्कं केलं. तारापूरचीच ३ आणि ४ ही युनिट्स प्रत्येकी ५४० मेगावॅटची. डिझाईन आपलं, बांधणी आपली. गंमत म्हणजे चौथं युनिट तिसऱ्याच्या आधी सुरू झालं. चौथं १२ सप्टेंबर २००५ ला आणि तिसरं १८ ऑगस्ट २००६ ला. हे वाचून छाती फुगली नाही तर आपण इंजिनिअर कसले?

पण अभिमान वाटला म्हणून दुसरी बाजू झाकायची नसते. याच दोन युनिट्ससाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकाठी राहिलेल्या लोकांना आत यावं लागलं. त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण कोर्टात गेलं. आपल्या खोलीतला ट्यूबलाईट लावताना ही दोन नावं आठवली पाहिजेत.

तारापूर औद्योगिक वसाहतीचंही तसंच आहे. हजारो लोकांना तिथे रोजगार मिळाला, आपल्यातले कित्येक जण पहिली नोकरी तिथेच करतील. पण रासायनिक सांडपाण्याने खाड्या आणि समुद्र नासला, मासळी गेली. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणाबद्दल भरपाईचा निकाल दिला. किनाऱ्यावरच्या लोकांना १९४२ मध्ये कचेरीवर मोर्चा न्यावा लागला आणि गोळ्या खाव्या लागल्या. स्वतंत्र देशात याच किनाऱ्याच्या लोकांनी कागद घेऊन लवादाचं दार ठोठावलं आणि त्यांचं ऐकलं गेलं. हा फरक म्हणजेच स्वातंत्र्य. तलवाड्याच्या वारल्यांना जे हवं होतं तेही यापेक्षा वेगळं नव्हतं. पण दार ठोठावायची वेळच का आली, याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल. कारण रात्री दोन वाजता सांडपाणी प्रक्रियेचा पंप चालू ठेवायचा की वीजबिल वाचवायला बंद करून पाणी तसंच नाल्यात सोडायचं, हे उद्या शिफ्टवरचा कुठलातरी ज्युनिअर इंजिनिअरच ठरवणार आहे. तिथे अटेंडन्स घ्यायला कोणी नसतं.

मला वाटतं देशभक्तीची खरी परीक्षा तिथे आहे. सीमेवर जाण्याची संधी सगळ्यांना मिळत नाही. छातीवर गोळी झेलायची वेळ तर आपल्यावर येऊच नये म्हणून ते पाच जण गेले. आपल्या वाट्याला येतात त्या बारीकसारीक गोष्टी. पीळ सुटलेली दोरी दिसत असताना "चालेल" म्हणायचं की नाही? झेंड्याची दोरी, क्रेनचा रोप आणि बॉयलरचा व्हॉल्व्ह यांत तसा फरक काय? "एक दिवस चालेल" हे वाक्य एकच.

यंदा काय?

नुसतं लिहून थांबायचं नाही असं आमच्या ग्रुपने ठरवलं आहे. रेक्टर सरांशी बोलणं झालं आहे. मोठं काही नाही, एवढंच :

१) १४ ऑगस्टला सकाळी जमेल तेवढ्यांनी पालघरला पाचबत्तीला जायचं. प्रत्येकाने एक फूल न्यायचं. बाजार बंद असतो, तेव्हा फुलं १३ तारखेलाच आणायची. हे मी अनुभवाने सांगतोय!

२) १५ ऑगस्टला राष्ट्रगीतानंतर पाच जणांनी पाच हुतात्म्यांची नावं गावासकट वाचायची. सातपाटी, नांदगाव, मुरबे, पालघर, सालवड. भाषण नाही. वाचणारे शक्यतो बाहेरच्या जिल्ह्यांतले असावेत.

३) १६ तारखेला कॅम्पसमध्ये आणि गेटबाहेर पडलेले सगळे कागदी झेंडे गोळा करायचे. एनएसएसच्या मित्रांनी ही जबाबदारी घेतली आहे.

४) पोफरण-अक्करपट्टीच्या नव्या वसाहतीत आणि मुरबे-सातपाटीच्या किनाऱ्यावर जाऊन जुन्या लोकांशी बोलायचं, त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या. ज्यांनी ते दिवस पाहिले अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत. उशीर केला तर आपल्याकडे फक्त नावं राहतील.

एक गोष्ट मी सरांना मुद्दाम सांगितली. "सर, यंदा अटेंडन्स घेऊ नका." सर म्हणाले, "मग कोणी येणार नाही." मी म्हटलं, "सर, बघू तर. १९४२ ला पण कोणी घेतली नव्हती." सर हसले आणि हो म्हणाले. आता माझी इज्जत तुमच्या हातात आहे, मित्रांनो!

गेल्या महिन्यात ते आजोबा पालघर स्टेशनवर परत भेटले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही, पण "नंदुरबारचा" म्हटल्यावर लगेच म्हणाले, "अरे, शिरीषकुमारच्या गावचा! येतोस ना यंदा?" मी हो म्हणून आलो आहे. आता जावंच लागेल.

झेंड्याची नवी दोरी मी पंधरा दिवस आधीच आणून ठेवली आहे. वॉचमन काकांनी ती ओढून, पिळून, पाण्यात भिजवून तपासली आणि पास केली. कप्पीला तेल त्यांनीच घातलं. यंदा झेंडा अडकणार नाही.

तेव्हा भेटू या १५ ऑगस्टला, सकाळी साडेसातला. जिलेबी आहेच.

जय हिंद! जय महाराष्ट्र!